फ्ल्युओराइड स्फटिक आणि प्रकाशाचे ऊर्ध्वरूपांतरण

कमी ऊर्जेचे दोन किंवा अधिक फोटॉन शोषून अधिक ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर टाकण्याच्या क्रियेस प्रकाशाचे ऊर्ध्वरूपांतरण म्हणतात. नेहमीच्या अनुस्फुरणात याच्या उलट घडते. अदृश्य अवरक्त किरणांतून हिरवा प्रकाश निघताना पाहून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला, असे विद्यार्थ्यांना वाटते. परंतु येथे दोघांची ऊर्जा एकाला मिळते, नवी निर्माण होत नाही. एका आयनाकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाऊन हे घडते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये दाखविले.

सोडियम यट्रियम फ्ल्युओराइड हे याचे सुपरिचित उदाहरण होय. त्यात यट्रियमच्या जागी सुमारे २० टक्के यटर्बियम व २ टक्के अर्बियम घालतात. यटर्बियम ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा अर्बियमला देतो. अर्बियम दोन पायऱ्यांनी वर चढतो व खाली येताना सुमारे ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. मधल्या पायरीवर तो पुरेसा वेळ टिकला तरच दुसरी पायरी साधते. स्फटिकजालकाची कंपने ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हिरावून घेतात. या फ्ल्युओराइडमधील कंपनांची कमाल ऊर्जा सिलिकेट काचेतील कंपनांच्या जवळजवळ एक-तृतीयांशच असते. फ्ल्युओराइडची निवड होते ती यामुळेच. अर्बियमचे प्रमाण वाढविल्यास प्रकाश वाढेल, हा तर्क मात्र फसतो, कारण जवळ आलेले आयन एकमेकांतच ऊर्जा गमावतात.

स्फटिकांची वाढ

लेसरसाठी लागणारे लिथियम यट्रियम फ्ल्युओराइडचे मोठे स्फटिक चोक्राल्स्की पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या द्रव्यातून बीजस्फटिक हळूहळू वर ओढून, वाढवितात. येथे खरा शत्रू ओलावा. तापलेल्या फ्ल्युओराइडशी पाण्याच्या वाफेचा संयोग झाला की ऑक्सिजनयुक्त अशुद्धी शिरते व स्फटिक धुरकट होतो. म्हणून भट्टीत कोरडा निष्क्रिय वायू किंवा हायड्रोजन फ्ल्युओराइडसारखा फ्ल्युओरीनयुक्त वायू ठेवावा लागतो. हायड्रोजन फ्ल्युओराइड अत्यंत विषारी व दाहक आहे.

सोडियम यट्रियम फ्ल्युओराइडची घनीय व षट्कोनी अशी दोन रूपे आहेत. षट्कोनी रूप कितीतरी अधिक उजळते. पण सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते घनीय होते, म्हणून वितळलेल्या द्रव्यातून ते थेट मिळविणे कठीण जाते. त्याचे सूक्ष्म कण ओलिइक आम्लयुक्त द्रावणात सुमारे ३०० अंशांवर तयार करतात. आधी घनीय कण उपजतात, मग ते विरघळून षट्कोनी कण वाढतात. घाई केल्यास दोन्हींची सरमिसळ हाती येते.

कण लहान झाला की पृष्ठभागावरील आयनांचे प्रमाण वाढते आणि भोवतालच्या पाण्याच्या व सेंद्रिय रेणूंच्या कंपनांत ऊर्जा जिरते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मोठ्या कणांच्या चूर्णाची हिरव्या प्रकाशाची पुंज-कार्यक्षमता सुमारे ३ टक्के, तर १० ते १०० नॅनोमीटरच्या कणांची ०.००५ ते ०.३ टक्के आढळली. दोन फोटॉनांच्या क्रियेत सैद्धांतिक कमाल मर्यादा ५० टक्के आहे. कणावर यटर्बियम व अर्बियम नसलेल्या त्याच फ्ल्युओराइडचे कवच चढविल्यास उजळपणा अनेक पटींनी वाढतो.

असे कण ऊतींच्या प्रतिमांकनात व बनावट नोटा ओळखण्याच्या शाईत उपयोगी पडतात. मात्र ९८० नॅनोमीटरचा प्रकाश पाणीही शोषते व त्यामुळे ऊती तापतात. हे टाळण्यासाठी कवचात निओडिमियम घालून ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात.