तरते रुग्णालय आणि त्याची शिदोरी

गावातील रुग्णालयाला एक मोठी सोय असते. ती आपण सहसा जमेस धरत नाही. औषध संपले तर बाजारातून आणता येते, नळाला पाणी असते. समुद्रावरच्या रुग्णालयाला यांपैकी काहीच नाही. किनाऱ्यावर जे विसरले, ते विसरलेच.

१९५८ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. विल्यम वॉल्श यांनी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडे असे एक जहाज मागितले. महायुद्धात पॅसिफिक महासागरात नौदलाचे डॉक्टर असताना त्यांनी औषधपाण्यावाचून होणारे लोकांचे हाल पाहिले होते. नौदलाने सेवेतून काढलेले 'कन्सोलेशन' हे रुग्णालय-जहाज १९६० साली त्यांच्या संस्थेला भाडेकराराने मिळाले. 'होप', म्हणजे आशा, हे नवे नाव घेऊन ते २२ सप्टेंबर १९६० रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून इंडोनेशियाकडे निघाले. जहाज मिळाले की डॉक्टर चढवावेत आणि निघावे, असे आपल्याला वाटेल. खऱ्या अडचणी तेथूनच सुरू होतात.

पहिली अडचण सामान भरण्याची. जड वस्तू तळाशी नसल्या तर जहाज लाटांवर धोकादायकपणे कलते. शिवाय जे प्रथम लागणार ते सर्वांत शेवटी भरावे लागते. नाहीतर एका मलमपट्टीच्या पेटीसाठी शंभर पेट्या उपसण्याची पाळी येते. क्ष-किरणांच्या फिल्मला उष्णता बाधते, म्हणून ती थंड जागी हवी. ईथर चटकन पेट घेते, म्हणून ते ठिणगीपासून दूर हवे.

दुसरी अडचण पाण्याची. हत्यारे निर्जंतुक करणे, फिल्म धुणे, चादरी धुणे, साऱ्याला गोडे पाणी लागते. समुद्राचे पाणी तापवून, वाफ थंड करून ते मिळवता येते. पण बंदरातील घाण पाणी या कामी घेणे धोक्याचे. 'होप'वर तर अशा गोड्या केलेल्या पाण्यात दुधाची भुकटी आणि स्निग्धांश मिसळून दूध तयार करणारे यंत्र होते. त्याला 'लोखंडी गाय' म्हणत.

रक्ताचा प्रश्न याहून अवघड. त्या काळी शीतपेटीतले रक्त २१ दिवसच टिके, आणि त्यातील बहुतेक मुदत पॅसिफिक ओलांडण्यातच सरणार. तेव्हा बाटल्या भरून नेण्यात अर्थ नाही. रक्त घेण्याची आणि तपासण्याची साधने न्यावीत, रक्त माणसांनी तेथेच द्यावे, हाच मार्ग उरतो.

विजेचीही गोष्ट अशीच. अमेरिकेत प्रवाह सेकंदाला ६० आवर्तनांचा, तर आशियाच्या बऱ्याच भागांत ५० आवर्तनांचा. जहाजावर उत्तम चालणारे यंत्र किनाऱ्यावरच्या रुग्णालयाला भेट द्यावे, तर ते तेथे नीट चालेलच असे नाही.

आणि येथेच मुख्य प्रश्न उभा राहतो. 'होप'चा हेतू केवळ उपचार नव्हता. स्थानिक डॉक्टर व परिचारिका यांना शिकवणे हा होता. वर्गासाठी दिलेली प्रत्येक खोली म्हणजे काही खाटा कमी. दारात रोगी उभे असताना ही वजाबाकी करणे सोपे नाही. पण रोगी बरा करून जहाज निघून जाते. शिकलेली परिचारिका मात्र गावातच राहते.

१९६८ साली हे जहाज आपल्या शेजारी, सिलोनला (आजच्या श्रीलंकेत) आले होते. १९७४ साली ते निवृत्त झाले. संस्थेचे काम पुढे जहाजावाचून चालू राहिले. म्हणून अशा मोहिमेची यादी करताना 'आपल्याजवळ काय आहे' येथून आरंभ करू नये. 'आपण गेल्यावर तेथे काय चालू राहील' हे आधी विचारावे, आणि मग पेट्या भराव्यात.