मल्लखांब : खांबावरची तालीम

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येस नवे चैतन्य दिले, ती मल्लखांबविद्या मूळची कुस्तीगिरांच्या पूर्वतयारीची असली, तरी आज तिचे खरे वारसदार शाळकरी मुले-मुलीच होत. सागवानी वा शिसवी खांबास, त्याच्या माथ्यावरील बोंडासह, एरंडेल चोळण्याचा शिरस्ता आहे (आणि हे तेल पोटात जाण्यापेक्षा अंगास लागलेलेच मुलांना अधिक मानवते, हे सांगणे नलगे). त्यामुळे कातडी सोलवटत नाही, परंतु पकड निसटू पाहते, आणि म्हणूनच साधी अढी घालून उलटे होताना मांड्या, पोटऱ्या, पोट व दंड या सर्वांस एकसमयावच्छेदेकरून राबावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते तीव्र हालचाल सांगितली असून, आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व अस्थी बळकट करणारा व्यायामही त्यात अभिप्रेत आहे. या दुसऱ्या कलमाची पूर्तता मल्लखांब उत्तम करतो, पहिल्यासाठी मात्र खो-खो, लंगडीसारखी धावपळ हवीच. दोरीच्या मल्लखांबावर मुलींनी विशेष प्रावीण्य मिळविले आहे. खाली जाड गादी आणि शेजारी जाणता वस्ताद नसल्यास मुलास खांबावर चढण्याची मुभा देऊ नये.