निगडीतले विद्याव्रत

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कारखान्यांमागून मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेल्या कुटुंबांची गावची जत्रा आणि कुलाचार गावीच राहिले. अशा वस्तीत शाळेचा वार्षिक सोहळा हा मुलांना एकत्र बांधणारा फार मोठा धागा ठरतो, म्हणून तो काय शिकवतो हे तपासलेच पाहिजे. निगडीच्या ज्ञान प्रबोधिनीतला विद्याव्रत संस्कार या कसोटीवर मला महत्त्वाचा वाटतो. आप्पा पेंडसे यांनी 1962 साली पुण्यात सुरू केलेल्या या संस्थेने जुन्या उपनयनाचा गाभा घेतला आणि जन्माची अट काढून टाकली. साधारण आठवीच्या वयात मुलगे आणि मुली, जातीचा विचार न करता, एकत्र बसून अध्ययनाचे व्रत घेतात. मंत्रांचा अर्थ मराठीतून सांगितला जातो.

शाळेत धार्मिक विधी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. या शहरात सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसतात. पण संस्काराचा भर देवतेपेक्षा अभ्यासावर आणि देशाप्रती कर्तव्यावर आहे, आणि तोच त्याचा खरा आधार. अभ्यासाचे तास वाया जातात ही तक्रार मात्र टिकत नाही, कारण दहावी अजून दोन वर्षे लांब असते. आक्षेपाचा उरलेला भाग एकाच गोष्टीने सुटतो : सहभाग ऐच्छिक हवा, आणि न बसणाऱ्या मुलाला वर्गात कमीपणा येता कामा नये.