सोहळ्याआधीचे मग

ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी झाला, असं सांगणारे चिनीमातीचे मग आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडतात. प्रत्यक्षात त्या दिवशी राजा अंथरुणात होता. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती. मुकुट चढला तो ९ ऑगस्टला. मालाची भट्टी तोवर कधीच उतरली होती.

या धंद्याची गोम हीच. आठवण आधी भाजायची, प्रसंग मागून यायचा. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरची कुंभारगावं, म्हणजे बर्स्लेम, हॅन्ली, लाँगटन वगैरे, या कामात मुरलेली. राजाचं चित्र असलेली भांडी सतराव्या शतकातही होती, पण हाताने रंगवलेली. अठराव्या शतकाच्या मध्यावर छापाची युक्ती आली आणि राजा सामान्यांच्या फडताळात पोचला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेघांत रंग भरायचा, पातळ कागदावर छाप घ्यायचा आणि रंग ओला असतानाच तो कागद भाजलेल्या भांड्यावर ब्रशने घासून बसवायचा. पाण्यात कागद सुटतो, चित्र राहतं. वर झिलई, पुन्हा भट्टी. कागद बसवायचं काम बहुतेक बायकांकडे. मगाच्या गोलाईवर एक सुरकुती पडू न देणं सोपं नाही, पण तळाशी शिक्का उमटतो तो कारखान्याचा.

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवात लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे ३०,००० शाळकरी मुलांना डोल्टन कंपनीचे मग वाटले गेले. राजनिष्ठा दुधाबरोबर पाजायची ही तऱ्हा धूर्त होती, असं मला वाटतं.

खरी फजिती १९३६ ची. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला होता. कारखान्यांनी माल काढला आणि डिसेंबरात राजानेच गादी सोडली. न झालेल्या सोहळ्याचा मग म्हणजे दुर्मीळ ठेवा, असं विकणारे सांगतात. त्यावर जाऊ नये. ते ढिगाने निघाले होते. कारखानदारही हिकमती. तारीख तीच राहिली, राजा तेवढा बदलला. वेजवूड या कारखान्यासाठी चित्रकार एरिक रॅव्हिलियसने काढलेलं आतषबाजीचं चित्र सहाव्या जॉर्जच्या नावाने पुन्हा वापरलं गेलं.

रॅव्हिलियस १९४२ मध्ये युद्धचित्रकार म्हणून काम करताना आइसलँडजवळ विमानासह बेपत्ता झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नक्षीदार भांडी देशात विकण्यावर निर्बंध आले, ते १९५२ पर्यंत टिकले. निर्यातीला मुभा होती. घरच्या गिऱ्हाइकाने साधी पांढरी कपबशी घ्यायची. निर्बंध उठले आणि वर्षाच्या आत एलिझाबेथचा राज्याभिषेक आला. वेजवूडने रॅव्हिलियसची तीच आतषबाजी काढली, नवं नाव आणि १९५३ साल घातलं, आणि मग विकायला ठेवले.