प्रवाळ कापलं की जास्त वाढतं? रीलमध्ये दिसतं ते खरं आहे, पण अर्धंच

मंडळी, हे रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेलं असेल. निळ्या उजेडाच्या टाकीतून एकजण रंगीत प्रवाळ बाहेर काढतो, करवतीने त्याचे तुकडे करतो, गोंदाने चकत्यांवर चिकटवतो, आणि काही महिन्यांनी प्रत्येक तुकड्याची नवी वसाहत! समुद्र पाहायला रात्रभर प्रवास करावा लागणाऱ्या आपल्या धाराशिवमध्ये बसून हे बघताना प्रश्न पडतोच: कापल्यावर ते मरत कसं नाही?

प्रवाळ दिसायला झुडूप असलं तरी तो प्राणी आहे. एक नाही, शेकडो-हजारो. प्रत्येक बारीक जीवाला, म्हणजे पॉलिपला, स्वतःचं तोंड असतं आणि खाली चुन्याचं घर. उसाच्या टिपरीवर डोळा शाबूत असला की नवा ऊस फुटतो ना? तसंच तुकड्यावर जिवंत पॉलिप राहिले की वसाहत पुन्हा उभी राहू शकते.

पण लगेच नाही. कापल्यावर ताकद आधी जखम भरण्यात जाते. मांस चिरलेल्या कडेवरून सरकत उघडा चुना झाकतं, मग तुकडा चकतीवर पसरतो आणि त्यानंतर उंची घेतो. फांद्यांच्या प्रवाळाचा शेंडा छाटला तर कापाजवळ अनेक नवे शेंडे फुटू शकतात. द्राक्षबागवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

गोलसर, दगडासारख्या प्रवाळांची गंमत आणखी वेगळी. ती पसरतात कडेने. आता हिशोब करा: 10 सेंमी बाजूच्या चौकोनी तुकड्याची कड 40 सेंमी. त्याचेच 1 सेंमीचे 100 तुकडे केले तर एकूण कड 400 सेंमी! अमेरिकेतल्या फ्लोरिडात मोट मरीन लॅबोरेटरीच्या डेव्हिड वॉन यांना हे चुकून कळलं. टाकीच्या तळाला चिकटलेलं प्रवाळ ओढताना तुटलं, मागे मोजके पॉलिप राहिले. ते मेलेच असं त्यांनी धरलं होतं, पण थोड्याच दिवसांत ते झपाट्याने पसरलेले दिसले. त्यातून बारीक तुकड्यांची पद्धत निघाली. एकाच वसाहतीचे तुकडे जवळजवळ लावले तर ते वाढून एकमेकांत मिसळतात. परक्या वसाहतीशी मात्र कडेवर भांडण होतं.

मग कापत सुटायचं? नाही. फार लहान तुकड्याकडे साठा नसतो, जखमेत जंतू शिरले की तो गेलाच. मूळ वसाहत पुन्हा पुन्हा छाटली तर तिची वाढ आणि प्रजनन दोन्ही मागे पडतात. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर नवा चुना बनणार कशाचा? शिवाय पाणी साधारण 25 अंशांच्या आसपास लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि त्यात लाईट गेली, तर जखमी तुकडा आधी दगावतो. बोअरचं पाणी तर सरळ वापरताच येत नाही. झोअँथिड नावाचं बटणासारखं प्रवाळ कापताना आणखी सावध राहावं लागतं, कारण काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. 2018 मध्ये ब्रिटनच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीची सफाई करताना ते हवेत पसरलं आणि अख्खं घर रुग्णालयात गेलं.

आणि रील जे सांगत नाही ते आता. भारतात चुना बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून तोडलेला तुकडा विकत घेतला तर तुरुंगाची वेळ येऊ शकते. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेतली वरळी आणि हाजीअलीची प्रवाळंसुद्धा 2020 मध्ये वनविभागाची परवानगी काढून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवावी लागली. दुकानदार ‘टाकीतच वाढवलंय’ म्हणाला तर आधी कागद मागा. नुसत्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका.

तुकड्यांची ही करामत खरी उपयोगाची आहे ती समुद्रात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर असे बारीक तुकडे लावून वाढवलेल्या प्रवाळांनी 2020 मध्ये, लागवडीनंतर सुमारे पाच वर्षांत, पहिल्यांदा स्वतःची अंडी सोडली.