युद्धकाळ आणि स्थानिक वारसा : समाजाचे प्रशिक्षण, निधी व निर्वचन

१. प्रास्ताविक

दि. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. महाराष्ट्रातील ज्या ठिकाणांची त्यासाठी निवड झाली होती, त्यांत उरणचा समावेश होता. कामोठे, पनवेल या परिसरात राहणाऱ्यांना उरण परके नाही. भोंगा वाजल्यावर काय करावे, दिवे केव्हा मालवावेत, माणसांना सुरक्षित स्थळी कसे हलवावे, हे अशा सरावांतून शिकवले जाते. माणसांचे प्राण वाचवणे हेच अर्थात पहिले कर्तव्य होय. तथापि त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न उभा राहतो. गावदेवीचे देऊळ, जुनी चावडी, घराघरांतील कागद, वृद्धांच्या स्मरणातील गाणी यांचे युद्धकाळात काय होते? वास्तू उरली, परंतु तिचा अर्थ सांगणारे कोणी उरले नाही, तर तो वारसा वाचला असे म्हणता येईल का? प्रस्तुत घटकात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

२. 'निर्वचन' म्हणजे काय?

एखादी वास्तू, वस्तू, स्थळ किंवा परंपरा यांचा अर्थ उलगडून तो इतरांपर्यंत पोहोचवणे, यास येथे 'वारशाचे निर्वचन' असे म्हटले आहे. अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये या विषयाची पायाभूत मांडणी केली. निर्वचन म्हणजे नुसती माहिती देणे नव्हे. त्या माहितीमागील अर्थ व संबंध उलगडून दाखवणे, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. 'हा किल्ला अमुक साली बांधला' ही माहिती झाली. 'या किल्ल्याला धान्य व पाणी कोणी पुरवले, वेढ्याच्या काळात पायथ्याच्या गावांनी काय सोसले' हे सांगू लागताच निर्वचनाला आरंभ होतो.

'इकोमॉस' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये निर्वचनाविषयी एक सनद स्वीकारली. निर्वचनाला शास्त्रीय संशोधनाचा आधार हवा, तसाच जिवंत सांस्कृतिक परंपरांचाही हवा, असे ही सनद मानते. म्हणजे अभ्यासकाच्या टिपणाइतकेच गावातील आजीचे कथन महत्त्वाचे ठरते. मात्र दोन्ही पडताळून घ्यावे लागतात.

३. मराठी परंपरेतील उदाहरणे

युद्धाचा अर्थ लोकांना सांगण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील अतिशय जुना पोवाडा मानला जातो. शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा इनाम मिळाल्याचा उल्लेख त्या पोवाड्यातच येतो. येथे सांगणारा आहे, श्रोता आहे आणि खर्च उचलणारा आश्रयदाताही आहे. पुढे ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर हे पोवाडे मुख्यतः गोंधळ्यांच्या मुखी जपले गेले होते. एका पिढीने दुसरीला गायन शिकवले, म्हणजेच प्रशिक्षण दिले, म्हणून ते टिकले. मात्र इनाम देणाऱ्याची बाजू ठळक होणे आणि पराभूतांची, सामान्य रयतेची बाजू मागे पडणे, ही या आश्रयाची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी.

दुसरे उदाहरण पहिल्या महायुद्धाचे. सातारा, रत्नागिरी यांसारख्या जिल्ह्यांतील अनेक गावांत त्या युद्धाच्या स्मृत्यर्थ संगमरवरी पाट्या बसवलेल्या आढळतात. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर बहुधा त्यांवर असतो. संख्या आहे, नावे नाहीत. ते कोणत्या भूमीवर पडले, मागे राहिलेल्या कुटुंबांनी दिवस कसे काढले, याविषयी पाटी मौन पाळते. सरकारने खर्च केला, दगडही टिकला. परंतु अर्थ सांगण्याचे काम गावाकडे सोपवले गेले नाही. ज्या घरांनी नावे जपली, तेथेच ती उरली.

तिसरे उदाहरण १४ एप्रिल १९४४ चे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या स्फोटके व कापूस वाहणाऱ्या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना ६६ अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. युद्ध चालू असल्याने वृत्तांवर निर्बंध होते. त्यामुळे एवढ्या मोठ्या घटनेचे वर्णन तत्काळ मोकळेपणाने छापले गेले नाही. आज १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. वृत्तपत्रांना मुभा नसते तेव्हा प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची स्मृती हेच महत्त्वाचे साधन उरते, हा या घटनेचा आपल्या विषयाशी असलेला संबंध.

४. जागतिक अनुभव

युद्धकाळात सांस्कृतिक संपत्तीचे रक्षण व्हावे यासाठी १९५४ मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९५८ मध्ये त्यात सहभागी झाला. या कराराची माहिती शांततेच्या काळातही सैनिकांना, व शक्य तेथे नागरिकांनाही, द्यावी अशी तरतूद त्याच्या २५ व्या कलमात आहे. युद्धाला तोंड फुटल्यावर शिकावयास अवधी मिळत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

युक्रेनमधील दोन घटनांतून ही गोष्ट स्पष्ट होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये इवान्किव येथील स्थानिक संग्रहालयाला आग लागली, तेव्हा गावातल्या लोकांनी लोकचित्रकार मारिया प्रिमाचेन्को यांची काही चित्रे बाहेर काढली. ही चित्रे कोणाची व ती का मोलाची, हे त्यांना ठाऊक होते. मे २०२२ मध्ये तत्त्वज्ञ ह्रिहोरी स्कोवोरोदा यांचे संग्रहालय क्षेपणास्त्राने उद्ध्वस्त झाले. परंतु तेथील मौल्यवान संग्रह आधीच हलवलेला होता. पहिल्या घटनेत अर्थाची जाण कामी आली, दुसऱ्या घटनेत पूर्वतयारी.

निधीसाठीही काही यंत्रणा उभ्या राहिल्या आहेत. ब्रिटिश कौन्सिलमार्फत चालणारा 'कल्चरल प्रोटेक्शन फंड' २०१६ मध्ये, तर जिनिव्हास्थित 'अलिफ' ही संस्था २०१७ मध्ये सुरू झाली. संघर्षग्रस्त प्रदेशांतील वारशाला साहाय्य करताना स्थानिक लोकांचे प्रशिक्षण हाही त्यांच्या कार्याचा भाग असतो.

५. प्रशिक्षणात काय असावे?

(अ) नोंद करणे : वस्तूचे छायाचित्र, माप, ठिकाण व मालकी लिहून ठेवणे; त्याची एक प्रत गावाबाहेर सुरक्षित ठेवणे.

(आ) ऐकणे : युद्धाने होरपळलेल्या माणसाला प्रश्नांनी पुन्हा जखमी न करणे. त्याची संमती घेणे, तो थांबल्यास थांबणे.

(इ) पडताळणे : एकाच घटनेची दोन-तीन कथने मिळवणे, ऐकीव व प्रत्यक्ष पाहिलेले वेगळे नोंदवणे. अफवा हे युद्धाचेच एक शस्त्र असल्याने या पायरीला विशेष महत्त्व आहे.

(ई) सांगणे : शाळेतील मुले, पाहुणे, विस्थापित कुटुंबे अशा भिन्न श्रोत्यांसाठी भाषा व लांबी ठरवणे. शत्रुपक्षातील सामान्य माणसाविषयी द्वेष पेरला जाणार नाही, याचे भान राखणे.

(उ) न सांगणे : मौल्यवान वस्तू कोठे हलवल्या, हे युद्ध चालू असता जाहीर न करणे.

६. निधी कसा असावा?

स्मरण जपणारी माणसे बहुधा कष्टकरी असतात. त्यांनी दिलेला वेळ हा श्रमच आहे, म्हणून त्यांना मानधन मिळाले पाहिजे. रक्कम लहान असली तरी चालेल. ती वेळेवर व सुलभ रीतीने मिळावी आणि तिचा हिशेब गावासमोर मांडला जावा. सर्वांत नाजूक प्रश्न नियंत्रणाचा आहे. खर्च कसा झाला, हे विचारण्याचा अधिकार निधी देणाऱ्याला आहे. काय आठवावे, हे ठरवण्याचा नाही. पोवाड्याचे इनाम व युद्धस्मारकाची पाटी ही दोन्ही उदाहरणे या कसोटीवर तुम्ही स्वतः तपासून पाहा.

७. कामोठ्याच्या संदर्भात विचार

कामोठे हे सिडकोने विकसित केलेले नगर असून २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. उंच इमारतींच्या मधोमध जुने गावठाण आहे. आगरी समाजात विवाहप्रसंगी धवले गाणारी धवलारीण ही चालते-बोलते ज्ञानभांडार होय. शेजारच्या इमारतींत देशावरून व कोकणातून आलेली कुटुंबे राहतात. त्यांपैकी एखाद्याच्या मूळ गावी ती संगमरवरी पाटी असू शकेल. अशा वस्तीत 'स्थानिक' कोण, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. गावठाणातील आजी व चौथ्या मजल्यावरील निवृत्त सैनिक, दोघांनाही बोलण्याचा अधिकार देणारे निर्वचनच येथे खरे ठरेल. आज शांतता आहे; नोंदीचे काम आजच होऊ शकते.

८. सारांश

दगड बाहेरून आलेले तज्ज्ञ सावरू शकतात; अर्थ मात्र तेथे राहणाऱ्यांनाच सांगता येतो. त्यासाठी प्रशिक्षण संकटापूर्वी मिळावे, निधीने श्रमाचा मोबदला द्यावा आणि कथनाचा अधिकार समाजाकडे राहावा.

सरावासाठी प्रश्न

१. 'माहिती' आणि 'निर्वचन' यांतील फरक तुमच्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. केवळ संख्या असलेल्या युद्धस्मारकाच्या मर्यादा सांगा.
३. उपक्रम : घरातील किंवा शेजारातील वयोवृद्ध व्यक्तीकडून १९६५ किंवा १९७१ च्या युद्धकाळातील एक आठवण संमतीने लिहून घ्या. तीच घटना दुसऱ्या व्यक्तीकडून ऐका आणि दोन्ही कथनांतील साम्य-भेद सुमारे २०० शब्दांत मांडा.