ठिणगी खोटी, झडप खरी

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापूकुटी पाहतो, चरख्याला हात जोडतो आणि परततो. त्या चरख्याची एक हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. गांधीजी 1936 साली इथे राहायला आले. त्याच्या सात वर्षं आधी, 1929 साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी कडक होत्या. किंमत 150 रुपयांच्या आत, 8 तासांत 16,000 फूट सूत, आणि साध्या झोपडीत बाईमाणसाला फार न थकता चालवता यावा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण यंत्राची परीक्षा कागदावर नव्हे, ते जिथे राबणार तिथल्या हिशेबाने घ्यायची, हे त्या अटींनी ठरवून टाकलं.

आता प्रश्न असा, की खरी परीक्षा घेणंच धोक्याचं असेल तर? आपल्या वर्धा जिल्ह्यातलं जिनिंगच घ्या. हवेच्या जोराने नळातून कापूस पुढे जातो. त्यात लोखंडाचा तुकडा आला, घासला, की ठिणगी उडते. अशा वेळी सेन्सरने ती टिपायची, नियंत्रकाने झडप फिरवायची आणि पेटता कापूस बाहेर काढायचा, अशी सोय करता येते. पण हे वेळेवर होतं की नाही, ते पाहायला कापूस कोण पेटवून देणार?

म्हणून अर्धी परीक्षा खरी, अर्धी खोटी ठेवतात. कापूस, हवा आणि ठिणगी संगणकात. नियंत्रक आणि झडप मात्र खरी, टेबलावर मांडलेली. संगणक तारेतून ‘ठिणगी दिसली’ असा संकेत धाडतो. तो खोटा आहे हे नियंत्रकाला कळत नाही. तो हुकूम सोडतो, झडप फिरते, आणि तिला किती वेळ लागला हे संगणकाकडे परत येतं. या पद्धतीला ‘हार्डवेअर इन द लूप’ असं नाव आहे.

समजा, नळातला वेग सेकंदाला 20 मीटर आहे. झडप फिरायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात ठिणगी 10 मीटर पुढे गेली. सेन्सर झडपेच्या 8 मीटरच अलीकडे असेल, तर आग रुईच्या ढिगाकडे निघाली! हा हिशेब कागदावरही होतो. पण कागद माहितीपत्रकातला वेळ धरतो. हवेचा दाब कमी पडल्यावर खरी झडप किती रेंगाळते, ते टेबलावरच समजतं. मध्येच वीज गेली, पाठोपाठ दोन ठिणग्या आल्या, असे प्रसंग शंभरदा घडवून पाहता येतात, आणि एक बोंडही जळत नाही.

तरी एक लक्षात ठेवायला हवं. संगणकाला आपण सांगितलं तेवढंच कळतं. सेन्सरवर साचणारी धूळ, ओलसर कापसाचे गोळे हे त्याला कोणी सांगितलंच नाही, तर तो खुशाल ‘पास’ म्हणेल. म्हणून शेवटची चाचणी कारखान्यातच व्हायला हवी. आणि परीक्षेचे प्रश्न काढताना इंजिनिअरच्या शेजारी रुईच्या ढिगाजवळ काम करणारा मजूरही बसायला हवा. आग लागली तर पहिली झळ त्यालाच बसणार आहे.